उपरणं वाळेपर्यंत

राजांची नावं दगडावर कोरायची पद्धत अजून पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी पुढे येऊन बसा. मोठ्यांनी मागे बसून आपलं लक्ष नाही असं दाखवलं तरी चालेल, पण कान इकडेच ठेवा, कारण ही गोष्ट खरी तुमचीच आहे.

डोंगराच्या उतारावर एक नगरी होती. नगरी चांगली होती, पण माणसं वाढत गेली आणि घरं तेवढीच राहिली. एका चुलीवर तीन सुनांचं भांडण, एका ओसरीवर पाच भावांची झोप. म्हातारे म्हणायचे, "मरायचं म्हटलं तरी आडवं व्हायला जागा नाही." आणि या सबबीवर ते मरतही नव्हते.

नवी वस्ती वसवायची तर ती मनाला येईल तशी वसवता येत नसे. नगरीचे पाच महाजन होते. कोणी आपल्या जमिनीचे तुकडे पाडून घरजागा करायच्या म्हटल्या, की नकाशा आधी महाजनांपुढे यायचा. मग महाजन स्वतः जागेवर जायचे. रस्त्यावरून दोन बैलगाड्या समोरासमोर निघतील का, सांडपाणी कुठे जाईल, आजारी माणसाला बाजेवर घालून न्यायला बोळ पुरेल का, हे सगळं खोदून खोदून विचारायचे. आणि सगळ्यात शेवटी हरकत विचारायचे.

ही हरकत विचारायची रीत मात्र जगावेगळी होती. नगरीच्या विहिरीचं घागरभर पाणी जागेवर न्यायचं. त्यात मोजणीदारानं आपल्या खांद्यावरचं उपरणं बुडवायचं आणि जागेच्या मधोमध चार खुंट्यांना ताणून बांधायचं. मग महाजनांनी चारी दिशांना तोंड करून म्हणायचं, "इथे वस्ती होते आहे. कोणाची हरकत आहे का?" उपरणं वाळेपर्यंत हरकतीची मुदत. तेवढ्या वेळात माणूस बोलला तर त्याचं ऐकायचं, गाय हंबरली तर का हंबरली ते जाऊन पाहायचं. उपरणं खडखडीत वाळलं आणि पाचही महाजनांनी हात लावून पाहिलं, की मंजुरीचा शिक्का.

चैत्रातल्या उन्हात उपरणं वाळायला कितीसा वेळ लागतो? विडा लावून तो तोंडात रंगेपर्यंत. त्यामुळे ही रीत म्हणजे विडा खायचं निमित्त, असं तरुण लोक म्हणायचे.

नगरीच्या मोजणीदाराचं नाव हैबती. तीस वर्षं त्याची साखळी जमिनीवर फिरली, पण बोटभर इकडची तिकडे झाली नाही. भावाभावांची वाटणी असो की शेताचा बांध, हैबतीनं खुंटी ठोकली की भांडण मिटलं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. राही नावाची एकच लेक होती, आणि तिच्यावर त्याचा जीव होता.

राहीचं सासर नगरीतच होतं. माणसं वाईट नव्हती, जागा वाईट होती. चार दीर, तीन जावा आणि दोन खोल्या. राही आणि तिचा नवरा जात्याच्या खोलीत झोपायचे, तेही पाय पोटाशी घेऊन. त्या वर्षी राहीला सातवा महिना लागला होता.

"आबा, जातं सुरू झालं की मला उठावंच लागतं," एकदा ती हसत हसत म्हणाली. "पहाटेची झोप कशी असते ते मी विसरले. आता बाळाला कुठे निजवायचं, जात्यावर?"

ती हसली, पण हैबती त्या दिवशी भरल्या ताटावरून उठला. साऱ्या नगरीला जागा मोजून देणारा बाप, आणि लेकीला टाचा टेकायला जागा नाही.

अशा वेळी त्याच्याकडे शेठ आला. नगरीखाली पश्चिमेला ताटमाळ नावाची मोठी सपाट जागा होती, ती या शेठच्या मालकीची. शेठला तिथे चाळीस घरजागा पाडायच्या होत्या.

"मोजणीदार, नकाशा झकास करा," शेठ म्हणाला. "आणि सातवी घरजागा तुमच्या राहीची. तुम्ही मागितली नाही, मी दिली नाही. लेकीची चोळी समजा."

हैबती नको म्हणायला गेला, पण नकाशाचा कागद त्यानं हातात घेतला. त्याला जात्याची घरघर ऐकू येत होती.

त्यानं ताटमाळ मोजायला घेतला. मोजता मोजता त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटू लागलं. भर उन्हात साखळीच्या कड्या हाताला गार लागत होत्या. भुई तडकलेली होती, पण तिच्यावर एक वारूळ नव्हतं, उंदराचं बीळ नव्हतं, सरड्याची सरपटल्याची खूण नव्हती. वारा सुटला की नगरीतली झाडं हलायची, पण माळावरची धूळ जागची उठायची नाही.

"शेठ, इथे मुंगीसुद्धा राहत नाही," हैबती म्हणाला.

"मग बरंच आहे की," शेठ म्हणाला. "बायकांना साखर झाकून ठेवायला नको."

पाहणीचा दिवस आला. पाच महाजन, हैबती आणि शेठ असे सात जण ताटमाळावर गेले. थोरल्या महाजनांनी नकाशा गुडघ्यांवर पसरला. दुसऱ्यानं रस्ता पावलांनी मोजला. तिसऱ्यानं सांडपाण्याचा उतार विचारला. चौथ्याला बोळ अरुंद वाटला, म्हणून शेठनं दोन हात जास्त सोडले. पाचवे महाजन वयानं लहान होते, ते सगळ्यांनी मान हलवल्यावर मान हलवायचे. कागदावर कुठे खोट म्हणून सापडली नाही.

मग हैबतीनं उपरणं घागरीत बुडवून ताणून बांधलं. महाजनांनी चारी दिशांना विचारलं, "कोणाची हरकत आहे का?" कोणी बोललं नाही. सगळे कडेच्या बाभळीखाली जाऊन बसले आणि विडे लावू लागले.

विडे रंगले. थुंकूनही झाले. उपरणं ओलंच होतं.

भाकऱ्या सोडल्या, जेवणं झाली. हात धुताना थोरल्या महाजनांच्या धोतरावर तांब्यातलं पाणी सांडलं, ते बघता बघता वाळलं. उपरणं मात्र ओलंच होतं. ऊन कलू लागलं. हैबती उठून जवळ गेला आणि त्यानं उपरण्याला हात लावला. ते सकाळपेक्षा जास्त ओलं होतं, आणि विहिरीच्या तळासारखं गार. त्याच्या टोकांवरून पाणी ठिबकत होतं, पण खाली भुईवर ओलीचा ठिपका नव्हता.

पलीकडे एक टिटवी उभी होती. ती कधी आली ते त्याला कळलं नव्हतं.

"हरकत विचारलीत ना?" टिटवी म्हणाली. "मग उठायची घाई कसली?"

हैबती दोन पावलं मागे सरला. तरी रीत ती रीत. त्यानं विचारलं, "तुझी हरकत आहे का?"

"माझी कुठली. मी उघड्यावर कुठेही अंडी घालते. वाटेत घालते, नांगरलेल्या शेतात घालते. पण या माळावर मी घातली नाहीत, माझ्या आईनं नाहीत, तिच्या आईनंही नाहीत."

"का?"

"जागा धरलेली आहे."

"इथे तर कोणी नाही."

"पंगतीतून कोणी हात धुवायला उठला, तर त्याच्या ताटावर तू बसतोस का?" टिटवी म्हणाली. "इथला धनी उठून गेला आहे, जेवण टाकून गेलेला नाही. त्याला वेळ लागतो. तुझ्या पणजोबाच्या आधी गेला होता, तुझ्या नातवाच्या वेळी येईल."

एवढं बोलून टिटवी उडाली. उडताना ती ओरडली नाही. न ओरडता उडालेली टिटवी हैबतीनं जन्मात पाहिली नव्हती.

"अहो हैबतराव," बाभळीखालून थोरले महाजन म्हणाले, "वाळलं की नाही? गुरं परतायची वेळ झाली."

आता ऐका. हैबतीनं नुसतं "नाही" म्हटलं असतं, तरी गोष्ट इथे संपली असती आणि तुम्ही आपापल्या घरी गेला असता. महाजन कुरकुरले असते, दुसऱ्या दिवशी पुन्हा आले असते. पण हैबतीच्या डोळ्यांपुढे राही होती, पाय पोटाशी घेऊन निजलेली. त्याच्या झोळीत एक कोरडं उपरणं होतं. उन्हातानाचं असावं म्हणून तो नेहमी दोन बाळगायचा. महाजनांकडे पाठ करून त्यानं ओलं उपरणं सोडलं, ते नकाशाच्या बांबूच्या नळीत कोंबलं, आणि कोरडं बांधलं.

"वाळलं," तो म्हणाला.

पाचही महाजन आले. पाचांनी हात लावला. थोरले म्हणाले, "अगदी खडखडीत," आणि शिक्का बसला. तीस वर्षांत हैबतीची साखळी खोटं बोलली नव्हती, म्हणून त्याच्यावर कोणाला संशय आला नाही.

घरी जाऊन हैबतीनं नळीतलं उपरणं काढून दांडीवर टाकलं. ते वाळलं नाही. चुलीवर धरलं, तर चूल विझली. पिळलं, तर तांब्याभर पाणी निघालं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तांब्याभर. शेवटी त्यानं ते परत नळीत घालून, बूच लावून, नळी माळ्यावर ठेवून दिली. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे तो इतरांना सांगत आला होता.

वर्षभरात ताटमाळावर चाळीस घरं उभी राहिली, त्यातलं सगळ्यात मोठं शेठचं. सातव्या घरात राही राहायला गेली. तिला मुलगा झाला होता. नव्या घरात ती पहिल्यांदा पाय ताणून झोपली, सकाळी उन्हं येईपर्यंत. हे तिनं बापाला सांगितलं तेव्हा हैबती खरोखर सुखावला. त्याला वाटलं, टिटवी पाखरूच ती, काहीही बोलते.

पुढचा चैत्र आला. वस्तीतल्या बायकांनी वाळवणं घातली. पापड, कुरडया, सांडगे. खाटाच्या खाटा उन्हात मांडल्या. चार दिवस झाले, पापड ओलेच. बायका हसल्या, एकमेकींच्या हाताला नावं ठेवली, पुन्हा पीठ मळलं. तेही वाळलं नाही. मग धुणी वाळेनाशी झाली. मिठाचं पाणी झालं. सारवलेली भुई आठ आठ दिवस ओली राहू लागली.

आणि भिंतींवर एक रेघ आली. ओलीची, बोटभर रुंद, घोट्याइतक्या उंचीवर. ज्याला त्याला वाटलं, आपल्याच घरात आली आहे. लाजेकाजेस्तव कोणी कोणाला सांगितलं नाही.

राहीनं मात्र बापाला सांगितलं. हैबती पातळी बघायची पाणसळ घेऊन आला. राहीच्या घरातली रेघ त्यानं तपासली, शेजारच्या घरातली तपासली, मग एकेक करत चाळीसही घरं पालथी घातली. एखाद्या घराचं जोतं उंच होतं, एखाद्याचं खाली होतं. रेघ मात्र सगळीकडे एकाच पातळीत, तिळभरही फरक नाही. लोक विचारत होते, "मोजणीदार, कसली हो ही रेघ?" हैबती मूग गिळून बसला. जन्मभर जमीन मोजलेल्या माणसाला ते कळत होतं. एवढी सरळ रेघ ओलीची नसते, काठाची असते.

रेघ रोज बोटभर चढू लागली. गुडघ्यापर्यंत आली, मांडीपर्यंत आली. पाणी मात्र कुठे थेंबभर दिसत नव्हतं. वस्तीत माणसं हळू चालू लागली, पाय जड झाल्यासारखी. उभ्या बाईच्या पदराचं टोक वारा नसताना वर उठायचं आणि तसंच हलत राहायचं. या घरातून त्या घरात हाक मारली, तर ती उशिरा आणि जाड होऊन पोचायची. लोकांना याची सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते, ही त्याची मोठी खोड.

एके दिवशी, सूर्य डोक्यावर असताना, हैबती लेकीच्या अंगणात बसला होता. रेघ तेव्हा कमरेच्या वर गेली होती. समोरच्या कुंपणावर एक खंड्या पक्षी येऊन बसला. त्यानं मान वाकडी करून अंगणाकडे पाहिलं, सूर मारला आणि वर उठला. त्याच्या चोचीत मासा होता. जिवंत, वळवळणारा.

अंगणात शेणाची सारवण होती. बाकी काही नव्हतं.

राही बाळाला घेऊन बाहेर आली. तिनं पक्षी पाहिला नव्हता. "आबा," ती म्हणाली, "ह्याचे केस बघा हो. किती पुसले तरी वाळतच नाहीत. आणि झोपेत श्वास घेताना असा आवाज येतो." बाळ तिच्या खांद्यावर निजलं होतं. त्याच्या ओठांवर एक बुडबुडा आला आणि फुटला.

हैबती आत पाळण्याजवळ गेला. भिंतीवरची रेघ पाळण्याच्या दांडीपासून चार बोटं खाली होती. चार बोटं म्हणजे चार दिवस. 

तो तसाच घरी धावला, माळ्यावरची नळी काढली आणि चावडीवर गेला. नळी आता इतकी जड झाली होती, की ती त्याला वाटभर ओढत न्यावी लागली. पाच महाजन बसले होते, शेठही होता. हैबतीनं बूच काढलं. चावडीच्या फरशीवर पाणी आलं. येतच राहिलं. महाजनांनी पाय वर घेतले.

हैबतीनं सगळं सांगितलं. टिटवी सांगितली, दुसरं उपरणं सांगितलं, सातवी घरजागाही सांगितली. सांगताना तो रडला.

 मग शेठ म्हणाला, "एका ओल्या फडक्यापायी चाळीस घरं मोडायची?"

थोरले महाजन पाण्याकडे बघत म्हणाले, "हैबतराव, शिक्का बसलेला आहे. तो खोटा ठरला, तर आमचे आजवरचे सगळे शिक्के लोक खोटे म्हणतील. आणि हरकतीची मुदत कधीच संपली."

"मुदत उपरणं वाळेपर्यंत असते," हैबती म्हणाला. त्यानं नळीतून उपरणं बाहेर ओढून महाजनांपुढे धरलं. "हात लावून बघा. हे अजून वाळलेलं नाही."

कोणी हात पुढे केला नाही. मग पाचवे महाजन उठले, जे नेहमी शेवटी मान हलवायचे. त्यांनी उपरण्याला हात लावला आणि हात तसाच ओला धरून सगळ्यांना दाखवला.

"मुदत चालू आहे," ते म्हणाले. "कोणाची हरकत आहे का?"

"माझी आहे," हैबती म्हणाला.

त्याच दिवसापासून घरं रिकामी होऊ लागली. लोक चिडले, हैबतीला शिव्या घातल्या, राहीच्या जावा तोंड फिरवून गेल्या. पण भिंतीवरची रेघ काठाची आहे असं त्यानं सांगितल्यावर, ज्यानं त्यानं आपल्या घरातली रेघ पाहिली आणि मुकाट्यानं बोचकं बांधलं. एकट्या शेठनं बांधलं नाही. तो आपल्या ओसरीवर पाटावर बसून होता. हैबती त्याच्या हाताला धरून ओढायला गेला, तर शेठ म्हणाला, "पाचांनी हात लावून पाहिलं आहे. खडखडीत वाळलं होतं." त्याचा आवाज फार खोलातून आल्यासारखा वाटला.

चौथ्या दिवशी सकाळी राही बाळाला घेऊन सगळ्यात शेवटी निघाली. ताटमाळाची कड ओलांडून तिनं चढणीवर पाऊल ठेवलं, आणि बाळाचे केस वाऱ्यावर भुरभुर उडाले. बाळ मोठ्यानं रडलं, कोरड्या, स्वच्छ आवाजात. राहीनं मागे वळून पाहिलं.

आभाळात ढग नव्हता. वादळही नव्हतं. मागे तळं होतं. ते आलं कधी, कुठून, हे कोणी पाहिलं नाही. लाट नाही, आवाज नाही, जणू ते आधीपासून तिथेच होतं आणि लोकांना आता दिसलं. पाण्याचा काठ बरोबर रेघेवर होता. तळ्याच्या पाण्यात अर्धी बुडालेली चाळीस घरं नीट ओळीनं दिसत होती. मोठ्या घराच्या ओसरीवर पाटावर कोणी बसलेलं दिसतं का, हे बघायला हैबतीची छाती झाली नाही.

त्याच्या हातातलं उपरणं त्या वेळी खडखडीत वाळलेलं होतं.

राही पुन्हा जात्याच्या खोलीत गेली. वर्षभर ती बापाशी बोलली नाही. मग एके दिवशी ती त्याच्या नातवाला घेऊन आली आणि म्हणाली, "आबा, मला घर हवं होतं, खोटं नाही बोलत. पण टिटवी काय म्हणाली ते तुम्ही मला सांगितलं असतंत, तर मी जन्मभर जात्याशेजारी झोपले असते."  हैबतीनं साखळी महाजनांना परत देऊन टाकली होती, आणि उरलेलं आयुष्य तो तळ्याकाठी बसून, वाट चुकून पाण्याकडे येणाऱ्यांना हटकत असे.

त्या नगरीत आजही मोजणीदार निघाला की दारात त्याची झोळी तपासतात, आणि तिच्यात दुसरं उपरणं निघालं तर त्याला परत पाठवतात. आणि चैत्रात तळ्याचं पाणी निवळलं की काठावर टिटवीची अंडी दिसतात, पाण्याच्या रेघेच्या अगदी वरच्या अंगाला, एक बोटही खाली नाही.

बोध एवढाच: हरकत विचारायची तर उत्तर ऐकून घ्यावं, कारण दारात अडवलेलं उत्तर परत जात नाही, ते आपल्या लेकराबाळांच्या घरात राहायला येतं.